मिरजेच्या सतारीला मानांकन मिळालं, पण शाळेत रंधा कधी येणार?

मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा यांना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. गावाला आनंद झाला, सत्कार झाले, पेपरात फोटो आले. त्या वेळच्या बातम्यांत सुमारे साडेचारशे कारागीर या धंद्यात असल्याचं सांगितलं गेलं. बातमी मोठी होतीच. पण मानांकनाने नाव वाचतं, हात वाचत नाहीत. दुसऱ्या गावात बनलेल्या वाद्यावर कुणी ‘मिरज’ असा शिक्का मारला तर कायद्याने त्याला रोखता येईल. उद्या मिरजेतच वाद्य बनवणारा राहिला नाही, तर मात्र कायदा काहीच करू शकणार नाही.

म्हणून हा प्रश्न बाजाराइतकाच शाळेचा आहे. आठवी-नववीच्या मुलामुलींना लाकूडकाम शिकवायचं का, कुणी शिकवायचं आणि त्यातून त्यांना काय मिळणार, हे आज बोलायची वेळ आली आहे. त्याला सरकारी धोरणाचंही निमित्त आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम अशा कामांची ओळख व्हावी. याच वर्गांत दहा दिवस ‘दप्तराविना’ असावेत आणि त्या दिवसांत मुलांनी गावातल्या कारागिरांकडे जाऊन काम पाहावं, करावं. निदान निम्म्या विद्यार्थ्यांपर्यंत व्यवसाय शिक्षण पोहोचवायचं उद्दिष्टही त्यात होतं आणि त्यासाठी २०२५ हे वर्ष धरलं होतं. कागद चांगला आहे. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत हे दहा दिवस एखादी सहल, एखादं भाषण आणि कागदी फुलं यातच संपतात.

मिरजेत तरी असं व्हायला नको. इथे उस्ताद शोधायला परगावी जावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यांच्या दुरुस्तीतून सुरुवात केली आणि पुढे स्वतः तंतुवाद्यं बनवली. पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आश्रय होता. तलवारीचं काम कमी होत गेलं, तेव्हा या हातांनी नवं काम शोधलं. सतारमेकर गल्ली उभी राहिली ती अशी. उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचं दफन झालं, आणि वाद्याच्या दुरुस्तीत तेही तरबेज होते. एवढा मोठा गवई जवारी स्वतःच्या हाताने लावायचा, त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपल्या मुलांना हे कुणी सांगतं का?

आता पालकांची भीती. ती खोटी नाही. ‘आम्ही हाताने राबलो, आता मुलानेही राबायचं का?’ हा सवाल मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिलं की मुस्लिम कामगारांमध्ये स्वतःच्या छोट्या धंद्यावर, कारागिरीवर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि नियमित पगाराच्या नोकरीत ते फार कमी आहेत. मग शाळेने पुन्हा करवत हातात दिली, तर पालकाला वाटणारच की याला डॉक्टर-इंजिनिअर होण्याच्या रांगेतून बाहेर काढायला निघालेत.

या भीतीला इतिहासाचा आधारही आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली. तिथून पुढे आलेल्या ‘नई तालीम’चा आराखडा डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तयार केला. जामिया मिल्लियाचे तेव्हाचे कुलगुरू आणि पुढे देशाचे राष्ट्रपती झालेले हेच झाकिर हुसेन. सूतकताई, सुतारकाम, शेती अशा एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गणित, भाषा, विज्ञान गुंफायचं, ही त्यांची कल्पना होती. कल्पना उत्तम होती. पण झालं काय, तर खेड्यातल्या आणि गरिबांच्या शाळांत टकळी फिरत राहिली आणि पैसेवाल्यांची मुलं वेगळ्या शाळांत इंग्रजी शिकत राहिली. हाताचं काम एकाच वर्गाच्या वाट्याला गेलं की ते शिक्षण राहत नाही, नशीब होऊन बसतं.

म्हणून पहिली अट अशी की लाकूडकाम वर्गातल्या सगळ्यांना हवं. ‘अभ्यासात कच्च्या’ मुलांना नव्हे, फक्त मुलग्यांना नव्हे, आणि फक्त उर्दू शाळेलाही नव्हे. फिनलंडने एकोणिसाव्या शतकातच हस्तकाम शाळेत सक्तीचं केलं, ते सुतार तयार करायला नाही. हात, डोळा आणि डोकं एकत्र चालावं म्हणून केलं. तिथे डॉक्टर होणारं मूलही शाळेत लाकूड तासतं.

लाकूडकामात अभ्यास कुठे आहे, असं कुणी विचारलं तर एक साधं उदाहरण घ्या. रिहाल, म्हणजे कुरआन शरीफ ठेवायची घडीची तिवई, प्रत्येक घरात असते. एकाच फळीतून कोरलेली रिहाल उस्तादाचं काम आहे, ते नवशिक्याला जमणार नाही. पण दोन फळ्या मधोमध खाच पाडून एकमेकींत फुलीसारख्या बसवल्या की साधी रिहाल तयार होते. हे काम आठवीच्या मुलाला जमण्यासारखं आहे. फळ्या काटकोनात बसवायच्या असतील तर खाच फळीच्या जाडीइतकीच लागते. कोन लहान केला की खाच जास्त रुंद करावी लागते. किती रुंद, हे काढताना मूल भूमिती शिकतं. आणि इथे उत्तर चुकलं तर लाल शेरा मिळत नाही, फळीच डगमगते. ही परीक्षा मुलांना लवकर समजते.

विज्ञानाचंही तसंच. लाकूड आडवं आकसतं, उभ्या रेषेत फारसं आकसत नाही. नीट न सुकवलेल्या लाकडाचं काम म्हणून काही महिन्यांत तडकतं. सतारीचा भोपळा मंगळवेढ्याच्या भागातून येतो, तोही पूर्ण वाळल्याशिवाय उपयोगाचा नाही. दाबलेली तार निम्म्या लांबीची झाली की सूर बरोबर वरच्या सप्तकात जातो. ध्वनीचा हा धडा नववीच्या पुस्तकात चित्रात पाहण्यापेक्षा सतारीच्या पडद्यावर ऐकला तर जन्मभर विसरत नाही.

सुरुवात कशी करावी? मशीन नकोच. पहिले तास फक्त मोजणं आणि खूण करणं, म्हणजे पट्टी, पेन्सिल, गुण्या. मग करवत सरळ चालवणं. मग रंधा, आणि त्याबरोबर लाकडाच्या रेषा ओळखणं, कारण रेषेच्या उलट रंधा मारला की पृष्ठभाग फाटतो. पटाशी त्यानंतर. शेवटी कानस आणि पॉलिश पेपर. नियम थोडे पण कडक हवेत. लाकूड शिकंज्यात पक्कं धरलेलं असावं. पटाशीच्या धारेपुढे दुसरा हात कधीच नको. ओढणी, सैल बाही बांधलेली असावी. घासकाम करताना तोंडाला मास्क हवा, कारण लाकडाची धूळ फुप्फुसाला वाईट. आणि हत्याराला धार हवी. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, म्हणूनच ती घसरते. एका वेळी पंधरा-वीसच मुलं असावीत. साठ मुलांना एकदम पटाशी देणं म्हणजे अपघाताला बोलावणं.

शिकवणार कोण, हा खरा अडथळा आहे. आम्हा शिक्षकांकडे बीएड आहे, हातात कसब नाही. उस्तादांच्या हातात कसब आहे, त्यांच्याकडे पदवी नाही. धोरणात याची वाट आहे. स्थानिक कलावंत-कारागिरांना शाळांनी मार्गदर्शक म्हणून घ्यावं, असं त्यात म्हटलं आहे. पण उस्तादाला शाल-नारळ देऊन फुकट बोलवायचं नाही. त्याचा दिवसाचा रोज बुडतो. तो मानधनातून भरून निघायला हवा आणि ते वेळेवर मिळायला हवं. जे काम आपण मुलांसमोर मोठं म्हणतो, त्याचा मोबदला देताना हात आखडला तर मुलं भाषण विसरतील आणि मोबदलाच लक्षात ठेवतील.

पुढची वाटही मुलांना सांगायला हवी. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने १९८३ पासून शाळेतल्या मुलांना हाताने काम करत शिकवण्याचा प्रयोग केला आणि त्याचा ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय राज्यातल्या अनेक शाळांत पोहोचला. आयटीआयचा रस्ता आहे. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि कमी व्याजाचं कर्ज आहे, पण वयाची अट अठरा. त्या योजनेतल्या अठरा व्यवसायांत वाद्य बनवणाऱ्यांचं स्वतंत्र नाव नाही, ही मागणी मिरजेने लावून धरायला हवी. आणि गोडी लागायचं वय तेरा-चौदा आहे, अठरा नव्हे.

एक सावधगिरी. शाळेचं शिक्षण वेगळं आणि कारखान्यातली मजुरी वेगळी. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे. दप्तराविना दिवसाच्या नावाखाली कुणाच्या ऑर्डरी मुलांकडून पूर्ण करून घेतल्या जाऊ नयेत, यावर शाळा व्यवस्थापन समितीने नजर ठेवावी. मुलाने बनवलेली वस्तू मुलाच्याच घरी जावी.

दीनाच्या बाजूने पाहिलं तरी संकोचाचं कारण नाही. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, असं हदीसमध्ये येतं. स्वतःच्या हाताच्या कमाईचा घास सगळ्यात उत्तम, ही शिकवणही आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. मशिदीत मान डोलवायची आणि घरी येऊन मुलाला ‘शिकला नाहीस तर रंधा मारावा लागेल’ असं धमकवायचं, हे दोन्ही एकत्र कसं चालेल?

येत्या जूनपूर्वी आपण तीन गोष्टी करू शकतो. पालकसभेत शाळेला विचारायचं की दप्तराविना दहा दिवसांचं नियोजन काय आहे. वाद्य कारागिरांच्या संस्थांनी दोन-तीन शाळांशी लेखी ठरवून घ्यायचं. आणि जमातीतल्या ज्यांना जमेल त्यांनी एका शाळेला वीस मुलांपुरती अवजारं द्यायची. या वर्गातली सगळी मुलं सतारमेकर होणार नाहीत, व्हायचीही गरज नाही. एखादी मुलगी आर्किटेक्ट होईल, एखादा मुलगा हाडांचा डॉक्टर होईल, दोघं-तिघं खरोखर गल्लीत बसून जवारी लावतील. त्या दोघा-तिघांकडे बाकीची मुलं मोठेपणी खालच्या नजरेने पाहणार नाहीत. मिरजेच्या मानांकनाची किंमत त्यावरच ठरणार आहे.