वसंताची सहल आणि वर्गणीची वही

फाल्गुन लागला की चिंचपाड्याच्या परिसराला निराळीच कळा येते. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील, नवापूर तालुक्यातील हे लहानसे स्थानक. आसपासच्या माळावर पळस फुललेला असतो, काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले दिसू लागतात आणि पहाटेच्या वाऱ्यावर मोहाचा उग्र-गोड वास येतो. अशा वेळी दोन-चार तास झाडाखाली जाऊन बसावे, असे शिक्षकाला, कारकुनाला आणि विद्यार्थ्यालाही वाटते. परंतु वाटणे आणि जाणे यांच्यामध्ये आता एक वही आडवी येऊ लागली आहे. ती वर्गणीची वही होय.

सहल म्हटली की आधी बैठक भरते. मग वाहन ठरते, आचारी ठरतो, पदार्थांची यादी होते आणि माणशी आकडा निघतो. आकडा निघाला की काही जणांना त्या दिवशी नेमके घरी काम निघते. शाळेत तर याचे स्वरूप अधिकच बोचरे असते. सहलीला न आलेल्या मुलाच्या नावापुढे केवळ गैरहजेरीची खूण पडते. तिच्यामागचे कारण हजेरीपत्रक सांगत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात सहलीवर निबंध लिहावयास सांगितला जातो, तेव्हा त्या मुलाने काय लिहावे?

सोर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने 1899 मध्ये दाखवून दिले की, माणूस पुष्कळसा खर्च गरजेपोटी नव्हे, तर प्रतिष्ठेपोटी करतो. स्वीडनच्या स्टाफन लिंडर यांनी 1970 मध्ये त्याला वेळेची जोड दिली. उत्पन्न वाढते तसा वेळ महाग होतो आणि माणूस फुरसतीच्या प्रत्येक तासात अधिकाधिक वस्तू कोंबू लागतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आजच्या सहलीला हे तंतोतंत लागू पडते. महाराष्ट्रात राज्य शासनाच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. कारकुनाला शनिवार मिळाला खरा. पण तो शनिवार निवांतपणे घालविण्याची सवय शासनाच्या आदेशाने लागत नाही.

दूरची सहल नियोजनावाचून होत नाही, हे मान्यच केले पाहिजे. तोरणमाळला जावयाचे तर वाहन हवे, मुक्काम हवा. मुलांना न्यावयाचे तर पालकांची संमती आणि शिक्षकांची सोबत हवीच. तथापि गावापासून तासाभराच्या पायवाटेवरील झाडाला हा सारा खटाटोप कशासाठी? शिवाय वसंत बैठकीसाठी थांबत नाही. तारीख ठरेपर्यंत पळस झडून जातो, परीक्षा येतात आणि ऊन असह्य होते.

वस्तुतः अशा सहलीची तयारी आदल्या सायंकाळी अर्ध्या तासात होते. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, एखादी कैरी, गुळाचा खडा आणि शेव-मुरमुरे एवढे पुरे. सर्वांनी आपापल्या घरून आणावे, मध्ये फडके पसरावे आणि वाटून खावे, म्हणजे कोणी काय आणले याचा हिशेब राहत नाही. पाणी मात्र भरपूर घ्यावे. उजाडता निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे. रानात चूल पेटविण्याचा मोह टाळावा. या दिवसांत खाली पडलेला पाला इतका वाळलेला असतो की एक ठिणगी अनर्थ करू शकते. साधे, थंड जेवण ही येथे केवळ काटकसर नसून ऋतूची शिस्त आहे. प्लास्टिकच्या ताटल्यांची तर गरजच नाही. एकदा वापरून फेकावयाच्या अशा वस्तूंवर राज्याने 2018 मध्ये बंदी घातली; पण पळसाच्या पानांची पत्रावळ त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे आहे.

आणखी एक तयारी मनाची आहे, आणि तीच अधिक महत्त्वाची. शहरातून आलेल्याला जे रान विसाव्याचे वाटते, ते येथील मावची, भिल्ल, कोकणी कुटुंबांचे कामाचे ठिकाण आहे. मोहाची फुले रात्री उशिरा गळू लागतात. पहाटे बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचावयास येतात, वाळवितात, साठवितात. अशी गौण वनोपज गोळा करण्याचा त्यांचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. झाडाखालची झाडून ठेवलेली जागा सतरंजी अंथरण्यासाठी नसून फुलांसाठी असते, हे पाहुण्याने ओळखले पाहिजे. तेथे पाय ठेवण्यापूर्वी विचारावे, बाजूच्या सावलीत बसावे आणि निघताना आपला कचरा आपल्या पिशवीत न्यावा. जमल्यास त्या मंडळींशी दोन शब्द बोलावेत. झाडांची ओळख पाठ्यपुस्तकापेक्षा त्यांच्याकडून अधिक चांगली होते.

शाळांनी आणि कचेऱ्यांनी मोठ्या सहली अवश्य काढाव्यात. पण वर्षातून एकदा तरी, फाल्गुनातल्या एखाद्या सकाळी, वर्गणीची वही कपाटात ठेवून सर्वांना बरोबर न्यावे. त्या दिवशी हजेरी किती भरते, हे मुख्याध्यापकांनी मुद्दाम पाहावे. पैशाअभावी एकही मूल मागे राहिले नाही, तर ती सहल यशस्वी झाली असे खुशाल समजावे.