नाकावाटे लस आणि तिचे साहाय्यक

इन्फ्लुएन्झाचा विषाणू शरीरात शिरतो तो नाकाघशाच्या ओलसर अस्तरातून, आणि आपण त्याच्या प्रतिकाराची तजवीज करतो ती दंडात सुई टोचून. शत्रू वेशीतून येणार हे ठाऊक असता सारी फौज राजवाड्याभोवती उभी करावी, तशातलाच हा बंदोबस्त आहे. दंडातील लसीने रक्तात निर्माण होणारी प्रतिपिंडे फुप्फुसांचे रक्षण बऱ्यापैकी करतात हे मान्य. परंतु नाकाच्या श्लेष्मल आवरणावर पाझरून विषाणूला पेशीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडवणारे ‘आयजीए’ हे प्रतिपिंड या मार्गाने फारसे उत्पन्न होत नाही. म्हणून नाकावाटे लस देण्याचा विचार सुईला भिणाऱ्यांची केवळ सोय नव्हे, तो शास्त्रदृष्ट्या रास्त आहे.

अडचण निराळीच आहे. नाक दिवसभर धूळ आणि परागकण हुंगत असते, आणि प्रत्येक कणाविरुद्ध ते युद्ध पुकारू लागले तर मनुष्याला श्वास घेणे मुश्किल होईल. या स्वाभाविक सहिष्णुतेमुळे मृत विषाणूचे चार थेंबही ते निमूटपणे गिळून टाकते. त्याला जागे करण्यासाठी लसीत साहाय्यक द्रव्य, म्हणजे अ‍ॅडज्युव्हंट, घालावे लागते. दंडाच्या लसींत हे काम अ‍ॅल्युमिनियमचे क्षार कित्येक दशके इमानाने करीत आले आहेत, पण श्लेष्मल आवरणावर त्यांची मात्रा चालत नाही; तेथे सर्वांत प्रभावी ठरली ती पटकीच्या जंतूचे विष आणि त्याचेच भाऊबंद असलेले ई. कोलायचे विष, ही जहाल द्रव्ये.

बेर्ना नावाच्या स्विस कंपनीने 2000 साली हे दुसरे विष अल्प प्रमाणात घालून नाकावाटे द्यावयाची लस विक्रीस आणली. थोड्याच अवधीत चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेल्या रुग्णांविषयी डॉक्टरांची पत्रे येऊ लागली आणि लस मागे घेण्यात आली. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत अशा 250 रुग्णांपैकी 68 जणांनी ती लस घेतलेली आढळली, तर तुलनेसाठी निवडलेल्या 722 जणांपैकी केवळ 8 जणांनी. दर दहा हजार लसधारकांमागे सुमारे 13 रुग्ण अधिक, आणि जोखीम सर्वाधिक दुसऱ्या महिन्यात! हजार माणसांवरील चाचणीत असा एखादाच रुग्ण निघाला असता, आणि महिना उलटल्यावर उद्भवलेला म्हणून तोही योगायोगाच्या खात्यावर जमा झाला असता. हे विष मज्जापेशींच्या पृष्ठभागावरील एका स्निग्ध रेणूला चिकटते, म्हणून संशय त्याच्यावर गेला.

जिवंत पण दुबळा केलेला विषाणू वापरला तर साहाय्यकाची गरज उरत नाही. अमेरिकेत 2003 साली मान्य झालेली लस नाकाच्या गारव्यात वाढणाऱ्या आणि फुप्फुसांच्या उबेत नामोहरम होणाऱ्या विषाणूची आहे. स्वाइन फ्लूने 2009 साली पुण्याची झोप उडवल्यावर तेथील सीरम इन्स्टिट्यूटने पुढच्याच वर्षी रशियन वंशाच्या तशाच विषाणूपासून लस सिद्ध केली, ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो. तथापि गर्भवतींना आणि क्षीण प्रतिकारशक्तीच्या रुग्णांना अशी जिवंत लस वर्ज्य आहे; जुनी प्रतिकारशक्ती बाळगणाऱ्या प्रौढांच्या नाकात हा विषाणू नीट रुजतही नाही. अमेरिकेने 2016 पासून दोन हंगाम तर आपल्याकडील जिवंत लसीची शिफारसच थांबवली होती. तात्पर्य, ज्यांना फ्लू खरोखर मारतो त्या वृद्धांसाठी मृत विषाणू आणि उत्तम साहाय्यक हा मार्ग खुलाच ठेवावा लागेल. विषाचा डंख काढून घेतलेले त्याचे रूपांतरित अवतार किंवा खेकड्याच्या कवचापासून मिळणारे कायटोसॅन यांवर संशोधन चालू आहे, ते चालू राहावे. पण विषाच्या कुळातल्या द्रव्याकडून पुरावा अधिक कडक मागावा, आणि परवाना देणाऱ्यांनी चाचणीची मुदत काही आठवड्यांवर संपवू नये.

आपल्याकडे फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. ज्याला हवी तो खाजगी दवाखान्यात पैसे मोजून घेतो, आणि दोन महिन्यांनी त्याचे तोंड वाकडे झालेच तर तो दुसऱ्याच डॉक्टरच्या दारात उभा राहतो. लस देणाऱ्याला त्याची खबर नसते आणि इलाज करणाऱ्याला मागील लस विचारण्याचे कारण सुचत नाही. अशी नवी लस बाजारात येण्यापूर्वी तिच्या प्रत्येक मात्रेची नोंद सरकारी दप्तरी व्हावी, आणि चेहऱ्याच्या पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाला गेल्या तीन महिन्यांतील लसी विचारण्याचे फर्मान तिच्या परवान्यासोबतच निघावे.