विश्लेषण : टर्बो पेट्रोल कारचे ऑइल ‘कमीच होत नाही’? खूश होण्याआधी हे वाचा

डिपस्टिकवर ऑइलची पातळी खाली आली नाही, की बहुतेक कारमालक निर्धास्त होतात. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या पेट्रोल इंजिनात मात्र पातळी जागेवर राहणे किंवा वाढणे हा इशाराही असू शकतो. कमी झालेल्या ऑइलची जागा पेट्रोलने घेतलेली असू शकते. ते ऑइलच्या रंगावरून कळत नाही. वापरलेल्या ऑइलच्या चाचणीत कळते.

ही इंजिने वेगळी कशी?

जुन्या पद्धतीत इंजेक्टर ३ ते ४ बार दाबाने सिलिंडरबाहेर पेट्रोल फवारतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये फवारा थेट सिलिंडरमध्ये, साधारण २०० ते ३५० बार दाबाने जातो. फोक्सवॅगन-स्कोडाची टीएसआय, ह्युंदाई-कियाची टर्बो जीडीआय आणि महिंद्राची टीजीडीआय इंजिने या प्रकारची आहेत. प्रत्येक टर्बो इंजिन मात्र असे नसते. टाटा नेक्सॉनच्या १.२ लिटर टर्बो पेट्रोलमध्ये इंजेक्टर सिलिंडरबाहेरच असतो.

पेट्रोल ऑइलमध्ये जाते कसे?

इंजिन थंड असताना फवाऱ्यातील काही थेंब सिलिंडरच्या भिंतीवर बसतात, तिथला ऑइलचा थर धुतात आणि पिस्टन रिंगमधून खाली चेंबरमध्ये उतरतात. लांबच्या प्रवासात ऑइल चांगले तापते आणि यातले बरेचसे पेट्रोल उडून जाते. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तेवढी वेळच येत नाही. ऑइल पातळ होत जाते. हेच ऑइल मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणाऱ्या टर्बोच्या बेअरिंगलाही सांभाळत असते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तयार होणारी काजळीही ऑइलमध्ये मिसळते आणि टायमिंग चेन झिजवते. मे २०२० मध्ये लागू झालेल्या ‘एपीआय एसपी’ या ऑइल मानकात चेनच्या झिजेची चाचणी घातली गेली, ती यामुळेच.

हे खरेच घडते का?

२०१८ मध्ये चीनमध्ये होंडाच्या १.५ लिटर टर्बो इंजिनांतील ऑइलची पातळी वाढल्याच्या तक्रारींनंतर कंपनीला नव्या सीआर-व्हीची तिथली विक्री थांबवावी लागली होती. तक्रारींचा जोर थंड उत्तर भागात होता. पुण्या-मुंबईत तशी थंडी नाही. पण छोट्या फेऱ्या, सिग्नलवर सुरू राहणारे इंजिन आणि धूळ इथेही आहेच.

चाचणीत काय कळते?

रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनाचे ऑइल स्पेक्ट्रोमीटरवर तपासण्याची पद्धत जुनी आहे. तेच तंत्र कारलाही लागू होते. धातूंचे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे एक किलो ऑइलमागे मिलिग्रॅममध्ये मिळते.

• लोह : सिलिंडर, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट किंवा चेनची झीज
• तांबे, शिसे, कथील : बेअरिंगची झीज
• सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम एकत्र वाढले : एअर फिल्टरच्या वाटेने धूळ आत
• पोटॅशियम : कूलंट गळतीचा संशय
• दाटपणा : ३० ग्रेडच्या ऑइलचा १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स हवा. तो ९.३ च्या खाली आणि सोबत पेट्रोलचे प्रमाण जास्त, तर ऑइल बदलण्याची वेळ झाली

एकच अहवाल पुरतो का?

नाही. ५ हजार किलोमीटरला २० पीपीएम लोह आणि १० हजारांना ४० पीपीएम, म्हणजे झिजेचा वेग सारखाच. म्हणून ऑइलवर किती किलोमीटर झाले, मध्ये किती ऑइल घातले याची नोंद हवी. नव्या इंजिनात धातू आणि सीलंटमधील सिलिकॉन जास्तच दिसतात. शिवाय स्पेक्ट्रोमीटरला अगदी बारीक कणच दिसतात. मोठा तुकडा पडला तरी अहवाल स्वच्छ येऊ शकतो. नमुना गरम इंजिनातून, ऑइल काढताना मधल्या धारेतून, कोरड्या स्वच्छ बाटलीत घ्यावा.

मग करायचे काय?

सर्व्हिस सेंटर बहुधा वर्ष किंवा १० ते १५ हजार किलोमीटर हा एकच हिशेब सांगते. मॅन्युअलमधले ‘खडतर वापरा’चे पान मात्र क्वचितच उघडले जाते. छोट्या फेऱ्या, धूळ, उभ्या गाडीत चालणारे इंजिन हे तिथले वर्णन म्हणजे आपल्या शहरांतला रोजचा वापर आहे. हा अपवाद नसून नियम आहे, हे कंपन्यांनी पहिल्याच सर्व्हिसच्या वेळी स्पष्ट सांगायला हवे.

तोवर मालकाने महिन्यातून एकदा, सपाट जागेवर, डिपस्टिक पाहावी. पातळी वरच्या खुणेपुढे गेली किंवा पेट्रोलचा वास आला तर सर्व्हिसची तारीख येण्याची वाट पाहू नये. रोजच्या फेऱ्या छोट्या असतील तर ऑइल लवकर बदलावे, ग्रेड मात्र मॅन्युअलमधलाच ठेवावा आणि बिल जपून ठेवावे. वॉरंटी संपण्याआधी ऑइलची चाचणी करून घेणे हिताचे. दोष सापडला तर तो दाखवायला वेळ हाताशी असतो.