थोरांचे धर्मशिक्षण

दहा-बारा वर्षांच्या मुलाला असते तेवढ्याच ज्ञानावर मनुष्याने आपला संसार चालवावा, असे कोणी सुचविले तर आपण त्यास वेड्यात काढू. हिशेब असो, औषधोपचार असो, कायदा असो की यंत्रकाम असो, जे ज्ञान मुलास पुरते ते त्याच्या बापास पुरत नाही, हे सांगावयास पंडित नको. परंतु धर्माच्या बाबतीत आपल्या कॅथलिक समाजातील बहुतेक सुशिक्षित माणसे नेमकी ह्याच रीतीने वागताना दिसतात. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळी पाठ केलेली प्रश्नोत्तरे आणि दृढीकरणापूर्वी ऐकलेले चार धडे, एवढ्या शिदोरीवर ती पुढील पन्नास वर्षांचा प्रवास करतात. मुलांच्या धर्मशिक्षणाची चर्चा सर्वत्र होते. आज आम्ही आईबापांच्या धर्मशिक्षणाविषयी लिहिणार आहोत. ते मुलांनीही वाचावे अशी आमची इच्छा आहे, कारण ह्या उणिवेची झळ प्रथम त्यांसच लागते.

ती कशी, ते पाहा. मुलगा विज्ञानाच्या तासाला उत्क्रांती शिकतो, रविवारी सहा दिवसांतील सृष्टीची कथा ऐकतो, आणि घरी येऊन विचारतो, ‘ह्यांतले खरे कोणते?’ मुलीची जिवलग मैत्रीण हिंदू किंवा मुसलमान असते. ती विचारते, ‘तिचे तारण होणार नाही का?’ घरात आजी मरते, आणि धाकटे पोर विचारते, ‘आपण प्रार्थना केली होती ना? मग देवाने ऐकले का नाही?’ हे प्रश्न पोरकट नाहीत. मोठमोठ्या आचार्यांनी त्यांवर आयुष्ये वेचली आहेत. परंतु घरी उत्तर मिळते ते असे: ‘फादरना विचार’, किंवा त्याहून वाईट, ‘असले प्रश्न विचारू नयेत.’ मूल गप्प बसते. मात्र पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते मनाशी एक अनुमान काढते, की धर्म हा लहानपणी घालावयाचा व मोठेपणी टाकावयाचा अंगरखा असला पाहिजे. एरव्ही आपल्या बाबांस त्याविषयी दोन वाक्ये तरी बोलता आली असती.

दुःखाची गोष्ट ही की, ह्या प्रश्नांविषयी धर्मसभेने मौन धरलेले नाही. मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयी संशोधन व चर्चा करण्यास पोप बारावे पायस ह्यांनी १९५० सालीच मोकळीक दिली होती. आत्मा मात्र थेट परमेश्वराकडून येतो, एवढे त्यांनी बजावले. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी तर हा सिद्धांत आता केवळ एक तर्क राहिलेला नाही असे म्हटले. स्वतःचा काही दोष नसता ज्यांस ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे अंतःकरणपूर्वक देवाचा शोध घेतात व सदसद्विवेकबुद्धीला जागतात, त्यांसही तारण मिळू शकते, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली स्पष्ट केले. आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही आपण धिक्कारीत नाही, असे १९६५ साली जाहीर केले. परिषदेला साठ वर्षे होऊन गेली. आपल्या किती घरांत हे पोहोचले आहे? विहीर भरलेली आहे. पोहरा सोडणारा कोणी नाही.

कित्येकांचे म्हणणे असे की, रविवारचे प्रवचन आहे, तेवढे पुरे. ह्या समजुतीस उत्तर आमचे नव्हे, पोप दहावे पायस ह्यांचे आहे. त्यांनी १९०५ साली काढलेल्या पत्रात धर्मगुरूंस आज्ञा केली की, मुलांस दर रविवारी व सणाच्या दिवशी तासभर शिकवावे. आणि त्याखेरीज, शुभवर्तमानावरील नेहमीच्या प्रवचनाहून वेगळ्या वेळी, प्रौढांसही सोप्या भाषेत धर्मशिक्षण द्यावे. श्रद्धेचा अंगीकार, संस्कार, दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना, हा सर्व भाग चार-पाच वर्षांत पुरा करावा, असा क्रमही त्यांनी आखून दिला. पुढे १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी प्रौढांचे धर्मशिक्षण हेच धर्मशिक्षणाचे प्रमुख रूप होय असे सांगितले. कारण सर्वांत मोठ्या जबाबदाऱ्या ज्यांच्या शिरावर आहेत, व धर्म पूर्णत्वाने आचरण्याचे सामर्थ्य ज्यांच्या अंगी आहे, ते लोक प्रौढच होत. म्हणजे मुलांचा वर्ग ही पायरी, थोरांचा वर्ग हे घर. आपण मात्र पायरीवरच बिऱ्हाड थाटले आहे.

आपल्या कोकणपट्टीत हा विचार नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले व १६१९ साली निवर्तले. त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत. ग्रंथाच्या आरंभीच प्रसंग आहे तो असा की, साष्टीतील एका देवळात धर्मशिक्षण चालले असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून म्हणतो, हे शिक्षण चांगले आहे खरे, पण आमची पूर्वीची पुराणे बंद झाली, तेव्हा त्यांच्या जागी आम्हांस ऐकावयास दुसरे पुराण का देत नाही? ह्या मागणीचे मर्म ध्यानात घ्यावे. त्या गृहस्थास प्रश्नोत्तरांनी समाधान होईना. थोरांच्या बुद्धीला व मनाला पुरेल असे अन्न त्याला हवे होते. आणि पाद्रीबाबांनी त्यास गप्प न बसविता आयुष्यातील मोठे काम त्याच्या प्रश्नापायी हाती घेतले. आपल्या उत्तर कोकणासाठी फ्रान्सिस्को वाझ द गिमाराएस ह्यांचे पुराण १६५९ साली छापले गेले, आणि ईस्ट इंडियन घरांतून प्रायश्चित्तकाळात ते पिढ्यानपिढ्या गाइले गेले. ऐकणारे बहुतेक निरक्षर होते. पण ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा त्यांस जितकी ठाऊक होती तितकी आज आपल्यातील किती पदवीधरांस असेल, ह्याची शंका वाटते.

अन्य धर्मीय वाचकांसही येथे ओळखीची खूण पटेल. वारकऱ्यांचे कीर्तन, ज्ञानेश्वरीचे पारायण, घरोघरी होणारा हरिपाठ, ह्या सर्व थोरांच्याच शाळा आहेत. तेथे सत्तर वर्षांचा म्हातारा दर एकादशीला विद्यार्थी होतो, आणि कोणी त्याला हसत नाही.

आता आपल्या माजिवड्याकडे वळू. ठाण्याच्या भूमीशी ख्रिस्ती नावाचा संबंध फार जुना आहे. तोलेंतिनोचे थॉमस व त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सोबती १३२१ साली ठाण्यात धर्मासाठी मरण पावले, तेव्हा पोर्तुगीज यावयास पावणेदोनशेहून अधिक वर्षे अवकाश होता. आणि त्याही वेळी येथे ख्रिस्ती कुटुंबे राहत होती. १७३७ साली साष्टी मराठ्यांच्या हाती आल्यावर परदेशी धर्मगुरू निघून गेले. एतद्देशीय धर्मगुरू थोडे आणि गावे अनेक, अशा स्थितीत श्रद्धा टिकली ती गावकीच्या बळावर. गावठाणातील क्रूसापाशी माळेची प्रार्थना, सणांचे गाणे, मरणाच्या घरी जमणारे शेजारी, ह्यांनी ती तोलून धरली. चाल मोडत नव्हती, कारण गाव मोडत नव्हता.

आज गाव बदलला. एके काळी भातशेतीचा असलेला हा मुलूख आता दोन हमरस्त्यांच्या नाक्यावर उभा आहे. नाक्यापासून घोडबंदरपर्यंत उंच इमारतींची रांग लागली. जुन्या ईस्ट इंडियन घरांशेजारी गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, तमिळनाडूचे कॅथलिक येऊन राहिले; एकाच मिस्सेला बसणाऱ्यांच्या घरी पाच भाषा बोलल्या जातात. विसाव्या मजल्यावर गावचा क्रूस नाही आणि दारावरून हाक मारणारी शेजारीणही नाही. जे पूर्वी चालीने टिकत होते ते ह्यापुढे समजुतीनेच टिकेल. चालीचा अर्थ ज्याला ठाऊक आहे तो ती नव्या घरी नेऊ शकतो. ज्याला ठाऊक नाही तो जुन्या घराबरोबर तीही विकून टाकतो. माजिवड्यासारख्या धर्मग्रामात थोरांच्या शिक्षणाची निकड इतर ठिकाणांहून अधिक का, ह्याचे कारण हे होय.

ह्यावर मुख्य आक्षेप तीन घेतले जातात. पहिला वेळेचा. पहाटेची लोकल धरणारा व रात्री नवाला घरी येणारा मनुष्य वर्गाला कधी बसणार? हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच आम्ही त्यास देवळातील नित्याच्या वर्गाला बोलावीत नाही. पंधरा दिवसांतून एक संध्याकाळ, तास-सव्वा तास, आठ-दहा कुटुंबांपैकी एकाच्या घरी, एवढेच मागतो. वर्षातून अशा वीस बैठकी झाल्या तरी पाच वर्षांत शंभर होतात, आणि शंभर बैठकींत दहाव्या पायसांचा सारा क्रम सहज आटोपतो.

दुसरा आक्षेप संकोचाचा. ‘ह्या वयात आमची परीक्षा घेणार काय?’ परीक्षा मुळीच नको. थोरांस मुलांप्रमाणे शिकविणे हीच ह्या कामातील मोठी चूक आहे. मुलास आधी उत्तर देतात व प्रश्न मागून सुचतो. थोरांपाशी प्रश्न आधीच असतो, तो आयुष्याने घातलेला असतो. व्यसनी भावाला किती वेळा क्षमा करावी? दुसऱ्या धर्मात लग्न करणाऱ्या मुलीशी कसे वागावे? असाध्य रोगाने पडलेल्या पित्याचे यंत्रोपचार थांबविणे पाप आहे काय? अशा प्रश्नापासून बैठक सुरू व्हावी आणि मग शास्त्राकडे जावे. प्रश्न विचारणारा अश्रद्ध ठरू नये, ही पहिली अट.

तिसरा आक्षेप शिकविणारांचा. धर्मगुरू थोडे, कामे पुष्कळ. परंतु हे काम धर्मगुरूंनीच करावे असे कोठे आहे? पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली धर्मशिक्षकाचे सेवापद प्रापंचिक स्त्रीपुरुषांसाठी विधिपूर्वक स्थापन केले. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षिका आहेत, डॉक्टर आहेत, वकील आहेत. त्यांनी आधी स्वतः शिकावे, मग इतरांस सोबत घ्यावे. पुस्तकांचीही वाण नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाचा बृहद्ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचे ‘सुबोध बायबल’ आहे. बैठकीची भाषा त्या त्या घराची असावी. ज्या आजीला इंग्रजी प्रवचन निम्मेच कळते, तिला आपल्या मायबोलीत देवाविषयी बोलू द्यावे. मग कोण कोणास शिकवितो आहे हे सांगणे कठीण जाईल.

आणखी एक सूचना. पुष्कळ आईबाप वर्षात फारसे दिसत नाहीत, पण मुलाचा बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, लग्न ह्या प्रसंगी आपण होऊन देवळाच्या दारी येतात. पोशाख, छायाचित्रे व जेवणावळ ह्यांच्या तयारीत महिने जातात. त्याच महिन्यांत मुलाच्या वर्गासमांतर पालकांचाही वर्ग ठेवावा. जो संस्कार मूल घेणार त्याचा अर्थ बापास कळलेला असावा, ही अपेक्षा अवाजवी खास नव्हे.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे थोडके आहे. घरी प्रश्न न्या, आणि उत्तर आले नाही तर आईबापांस हिणवू नका. त्यांसही कोणी शिकविले नाही. त्यांस म्हणा, ‘चला, आपण मिळून शोधू.’ पालकहो, तुमचे मूल असे म्हणेल त्या दिवशी वेळ नाही ही सबब सांगू नका. मूल तुमच्याकडे विद्वत्ता मागत नाही. ज्या गोष्टीपुढे बाबा रविवारी गुडघे टेकतात ती गोष्ट बाबांना खरोखर समजून घ्यावीशी वाटते, एवढेच त्याला पाहावयाचे असते.