नवी सिएरा, थार, चेतक: जपून ठेवली तर खरंच किंमत वाढते का?

फेब्रुवारी-मार्चमध्ये कुरुंद्यात आणि वसमत तालुक्यातल्या बहुतेक गावांत हळदीची काढणी आणि शिजवणी सुरू असते. माल वाळवून, पॉलिश करून वसमत, हिंगोली किंवा नांदेडच्या बाजारात गेला की वर्षभराचे पैसे एकदम हातात येतात. मग घरात चर्चा सुरू होते. विहिरीचं काम, घराचा स्लॅब, सोनं, की गाडी?

या चर्चेत अलीकडे एक नवा मुद्दा शिरलाय. गाडी घ्यायचीच तर जुन्या लूकची घ्या, ती पुढे 'विंटेज' होईल, आज पंधरा लाखांची आहे, उद्या तिप्पट देऊन लोक मागतील. इन्स्टाग्रामच्या रील्समध्ये हे ऐकायला मिळतं आणि पारावरही.

मुद्द्यात दम आहे का, ते तपासून बघू. कारण इथे प्रश्न फक्त हौसेचा नाही. बऱ्याच घरांत ही गाडी कर्जावर येते, आणि 'गुंतवणूक आहे' हा शब्द ऐकून ते कर्ज थोडं हलकं वाटायला लागतं.

आधी, कोणत्या गाड्यांबद्दल बोलतोय?

जुन्या गाडीचं रूप आणि आतून पूर्ण नवी यंत्रणा असलेल्या गाड्या. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच महाराष्ट्रातल्या कंपन्यांच्या आहेत. टाटा मोटर्सची पहिली सिएरा 1991 मध्ये आली होती. मागच्या काचा छताकडे वळलेल्या, दारं तीनच. तेच नाव आणि काचांची तीच आठवण घेऊन नोव्हेंबर 2025 मध्ये नवी सिएरा आली, सुरुवातीची किंमत 11 लाख 49 हजार. आता दारं पाच आहेत, काचा छतात वळत नाहीत, काळ्या पट्टीने तसा भास केलाय.

महिंद्राची थार नाशिकला बनते. तिचं घराणं थेट 1947 पर्यंत जातं, जेव्हा कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. दुचाकींमध्ये बजाजने 2019 मध्ये चेतक इलेक्ट्रिक करून परत आणली. कायनेटिकची लुना 2024 मध्ये ई-लुना झाली आणि 2025 मध्ये डीएक्स आली. जावा 2018 मध्येच परतली होती. रॉयल एनफिल्डची क्लासिक तर 2009 पासून हेच करतेय.

किंमत वाढते, ही समजूत आली कुठून?

माझ्या मते याचं मूळ आपल्या आजोबांच्या आठवणीत आहे, आणि ती आठवण खोटी नाही.

बजाज चेतक 1972 मध्ये आली. परवाना राजमध्ये कंपनीने किती स्कूटर बनवायच्या हे सरकार ठरवायचं. मागणी प्रचंड आणि उत्पादन मोजकं, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. काहींनी दहा-दहा वर्षं वाट पाहिली. ज्याचा नंबर लागला, त्याला शोरूमबाहेरच 'ऑन' देऊन स्कूटर मागणारा गिऱ्हाईक उभा असायचा. चार वर्षं वापरून विकली तरी मूळ पैसे सुटायचे. त्या पिढीसाठी गाडी ही खरोखर मालमत्ता होती. पण भाव गाडीच्या रूपाला नव्हता, टंचाईला होता. टंचाई संपली, मोटरसायकली आल्या आणि 2006 मध्ये चेतक बंद झाली. तेव्हा त्याच स्कूटरी भंगारात किलोवर गेल्या.

नव्या थारच्या बाबतीत हीच गोष्ट छोट्या प्रमाणात घडली. 2 ऑक्टोबर 2020 ला ती बाजारात आली आणि अनेक महिन्यांचं वेटिंग लागलं. वेटिंग असेपर्यंत वापरलेली थार जवळपास नव्याच्या भावात विचारली जायची. 'थार म्हणजे गुंतवणूक' हे वाक्य तेव्हाचं. पण मार्च 2023 मध्ये एक लाखावी थार कारखान्यातून बाहेर पडली. जी वस्तू लाखांनी बनते आणि उद्याही बनणार आहे, ती दुर्मिळ कशी होणार?

हळद पिकवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. भाव पडला की आपण माल वखारीत ठेवतो, कारण पुढच्या वर्षी लागवड कमी होईल अशी आशा असते. गाडीच्या कारखान्यात लागवड कमी होत नाही. गिऱ्हाईक असेल तर ते दुसरी पाळी सुरू करतात.

रिसेल चांगली असणं आणि संग्राह्य असणं

या दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून थोडं थांबू.

थार किंवा क्लासिक 350 विकायला काढली तर इतर गाड्यांपेक्षा बरे पैसे येतात, हे खरं आहे. त्याला रिसेल म्हणतात. म्हणजे किंमत हळू घसरते. संग्राह्य वस्तूची किंमत घसरत नाही, वाढते. पहिल्यावरून दुसरी गोष्ट सिद्ध होत नाही.

शिवाय जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या भावाला बांधलेला असतो. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा हे लख्ख दिसलं. 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. टू-व्हील ड्राइव्ह डिझेल थार 1 लाख 35 हजारांपर्यंत स्वस्त झाली. नवी घेणाऱ्यांना आनंद झाला. पण ज्याने मे महिन्यात घेऊन 'जपून' शेडमध्ये ठेवली होती, त्याची गाडी एक किलोमीटर न चालता तेवढीच उतरली. जी वस्तू शोरूममध्ये नवी मिळते, तिच्या जुन्या प्रतीला कुणी जास्त का देईल?

178 सेकंदांत संपलेली बुलेट

मग लिमिटेड एडिशन घेतली तर? नगच मोजके असतील तर?

जुलै 2018 मध्ये रॉयल एनफिल्डने क्लासिक 500 ची 'पेगासस' आवृत्ती काढली. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकी मोटरसायकलची आठवण, जगभरात 1000 नग, भारतात फक्त 250. किंमत अडीच लाखांच्या घरात. ऑनलाइन विक्री सुरू झाली आणि 178 सेकंदांत सगळ्या गाड्या संपल्या. घेणाऱ्यांना वाटलं, लॉटरी लागली.

महिना-सव्वा महिन्यात त्याच कंपनीने क्लासिक 350 ची 'सिग्नल्स' आवृत्ती आणली. रूप बरंचसं तसंच सैनिकी, वर पेगाससमध्ये नसलेलं एबीएस, आणि किंमत साधारण 1 लाख 62 हजार. पेगासस घेतलेल्या अनेकांनी समाजमाध्यमांवर राग काढला. कंपनीने कायद्याने काही चुकीचं केलं नव्हतं. इंजिन वेगळं, नाव वेगळं. पण दुर्मिळपणाचा किल्लीदार कंपनीच असते, आणि ती कुलूप कधीही उघडू शकते.

नव्या थारच्या पहिल्या नगाला 2020 मध्ये लिलावात 1 कोटी 11 लाख मिळाले होते, त्याचाही दाखला दिला जातो. तो लिलाव कोविड मदतीसाठी होता. तो बाजारभाव नव्हता, देणगी होती.

हिशेब मांडून बघू

15 लाखांची गाडी. 3 लाख रोख भरले आणि 12 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं. हप्ता सुमारे 24,900 रुपये. पाच वर्षांत व्याजच 2 लाख 95 हजारांच्या आसपास जातं, म्हणजे गाडी पडली 18 लाखांना. विमा, सर्व्हिसिंग, टायर वेगळे.

आता समजा कर्ज घेतलंच नाही, 15 लाख रोख होते. ते 6 टक्के व्याजाने बँकेत ठेवले असते तर 15 वर्षांत सुमारे 36 लाख झाले असते. म्हणजे तुमची 'जपलेली' गाडी 2041 मध्ये 36 लाखांना विकली गेली तर तुम्ही फक्त बरोबरीत सुटलात, तेही विम्याचा खर्च न धरता.

विमा कंपनीचं मत काय, तेही बघा. पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा आकडा असतो, गाडी चोरीला गेली तर मिळणारी रक्कम. प्रचलित तक्त्यानुसार एक वर्षानंतर 20 टक्के, तीन वर्षांनंतर 40 टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के घसारा धरतात. गाडीवर धुळीचा कण नसला तरी तक्ता बदलत नाही.

उभी गाडी बिघडते

जपून ठेवणं म्हणजे नक्की काय करणार? पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री टाकून उभी करणार. मराठवाड्याच्या शेडमध्ये मे महिन्यात काय तापतं, हे सांगायला नको. रबर कडक होतं, टायर एकाच जागी दबतो, बॅटरी उतरते. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या टाकीत गंज धरायची भीती. डिझेल बीएस-6 गाडीच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर साफ राहायला गाडी अधूनमधून लांब पळवावी लागते. आणि उंदीर. वायरिंग कुरतडायला त्यांना नवी गाडी जास्त आवडते की काय, असं वाटतं.

पुराचाही विचार करा. जुलै 2022 मध्ये आसना नदीचं पाणी कुरुंद्यात शिरलं होतं. जुनी जीप पुरात बुडाली तर इंजिन उघडून, धुऊन, तेल बदलून मिस्त्री ती परत उभी करायचा. नव्या गाडीच्या सीटखाली आणि डॅशबोर्डमागे कंट्रोल युनिट्स असतात. त्यांत पाणी गेलं की दुरुस्तीचा खर्च विमा कंपनीलाही परवडत नाही.

खरा अडथळा हाच आहे. जुनी चेतक डावीकडे कलंडवून, चार किक मारून सुरू व्हायची आणि तिचं पिस्टन, केबल, प्लग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळायचं. नव्या चेतकचं काळीज लिथियम बॅटरी आहे, जी न वापरताही वर्षागणिक म्हातारी होते. नव्या सिएराच्या वरच्या मॉडेलमध्ये तीन-तीन स्क्रीन आहेत. 2045 मध्ये त्या स्क्रीनचा सुटा भाग आणि सॉफ्टवेअर कोण देईल? रूप जुनं आहे, पण आयुष्य मोबाइलसारखं.

कायद्यात 'विंटेज' म्हणजे काय?

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे विंटेज. नव्या नोंदणीचं शुल्क 20 हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांसाठी. अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते.

2026 मध्ये घेतलेली सिएरा या व्याख्येत 2076 मध्ये बसेल. आज पंचविशीत असलेला मालक तेव्हा पंच्याहत्तरीचा असेल. मधल्या काळात 15 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, 20 वर्षांनंतर कारसाठी त्याचं शुल्क सध्याच्या दराने 10 हजार रुपये, शिवाय पर्यावरण कर. नियम तोवर किती वेळा बदलतील, कुणास ठाऊक.

मग कुणाचीच किंमत वाढली नाही का?

वाढली. निस्सानने 1991 मध्ये फिगारो नावाची छोटी गोंडस गाडी काढली. बनवल्या फक्त 20 हजार, त्या जपानमध्ये सोडत काढून विकल्या, पुन्हा बनवल्या नाहीत. आजही ब्रिटनमध्ये तिचे चाहते आहेत. फोर्डची 2005-06 ची जीटी जुन्या रेसिंग गाडीच्या रूपात आली, सुमारे चार हजार बनल्या आणि आज तिला मूळ किमतीच्या दुपटीहून जास्त भाव आहे. पण ती ताशी 300 किलोमीटरहून जास्त पळणारी गाडी आहे. आणि फोक्सवॅगनची नवी बीटल? 1998 पासून 2019 पर्यंत दोन अवतारांत भरपूर विकली गेली, आज ती बहुतेक ठिकाणी साधी सेकंडहँड गाडी आहे.

आपल्याकडे मला एकच उमेदवार दिसतो. जून 2019 मध्ये महिंद्राने जुन्या थारचे शेवटचे 700 नग 'थार 700' म्हणून विकले. संख्या मोजकी, आणि ते मॉडेल त्यानंतर बंद. तिचंही पुढे काय होईल यावर मी हळदीचे पैसे लावणार नाही.

म्हणून नवी सिएरा किंवा थार आवडली असेल आणि परवडत असेल तर घ्या आणि चालवा. औंढ्याला जा, माहूरला जा, शेतात न्या. तिचा उपयोग संपेपर्यंत वापरणं हाच तिच्यातून पैसे वसूल करण्याचा मार्ग आहे.

जपायचीच असेल तर गावात आधीच पडून असलेल्या गाडीकडे बघा. आजोबांची 1970 च्या दशकातली चेतक, जावा, राजदूत, एखादी जुनी जीप. मुंबईत शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, आणि तोवर कुणाचं लक्ष नसलेल्या पद्मिनीला हौशी लोक शोधू लागले. दुर्मिळपणा असा, दुर्लक्षातून येतो. भंगारवाला दारात आला तर लोखंडाच्या वजनावर सौदा करण्याआधी आरसी बुक शोधा. इंजिन आणि चेसिसवरचे नंबर त्याच्याशी जुळतात का, ते पाहा. परभणीची एमएच-22 किंवा त्याआधीची तीन अक्षरी पाटी असेल तर ती बदलू नका, आधीच नोंदलेल्या विंटेज गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. नवा रंग तर अजिबात देऊ नका.