कल्हई उडाली की…

दिवाळीची आवराआवर चालली होती. जिंतूरहून आलेल्या मावशीने माळ्यावरचे पितळेचे पातेले उजेडात धरले.

"सूनबाई, याची कल्हई उडालीय. यात ताक ठेवू नकोस, कळकेल."

मी वर्तमानपत्रातून मान वर केली. "मावशी, पाणी फोडणाऱ्या शास्त्रज्ञांचेही घोडे इथेच अडले आहे!"

"पाणी फोडतात? आमच्या येलदरीला पाण्यावर वीज करतात, एवढं ठाऊक आहे."

"हे उलटे. विजेने पाणी फोडायचे."

पाण्यात दोन पत्रे सोडून वीज खेळवली, की एकापाशी हायड्रोजन निघतो, दुसऱ्यापाशी प्राणवायू. ही युक्ती १८०० सालापासून ठाऊक आहे. हायड्रोजनपासून अमोनिया, अमोनियापासून युरिया. आज हा हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायूपासून काढतात आणि त्यातला बराच वायू परदेशांतून येतो. म्हणून तर सरकारने २०२३ साली पाण्यापासून हायड्रोजन काढण्याची राष्ट्रीय योजना मंजूर केली.

"मग अडलंय कुठं?"

अडले आहे प्राणवायूच्या बाजूला. तिथे पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. खरे काम तोच करतो. पण काम करता करता त्याची घडण बदलते आणि त्यातले अणू थोडेथोडे विरघळत जातात. आम्लात रुथेनियमचा ऑक्साइड मोठा चपळ, पण लवकर झिजतो. इरिडियमचा अधिक टिकतो. पण साऱ्या जगात इरिडियम निघते वर्षाकाठी जेमतेम सात-आठ टन! निकेल स्वस्त, क्षाराच्या पाण्यात ते बरे टिकते. मात्र सूर्याच्या विजेवर यंत्र सकाळी चालू, संध्याकाळी बंद. या रोजच्या चालू-बंदमध्ये थर पुन्हापुन्हा बदलतो आणि अधिक झिजतो.

"म्हणजे परभणीचं ऊन फुकट, पण कल्हई महाग!" मावशी म्हणाली.

मी थक्क झालो. पुढे सांगितले, की २००८ साली अमेरिकेत नोसेरा आणि कानन यांनी कोबाल्ट व फॉस्फेटचा एक थर केला. त्यातला विरघळलेला कोबाल्ट वीज चालू असेपर्यंत पुन्हा पत्र्यावर येऊन बसतो.

"म्हणजे कल्हईवाला भांड्यातच!"

"तसेच. पण वर्षानुवर्षे कारखान्यात टिकेल आणि स्वस्तही पडेल, असा थर अजून शोधताहेत."

"शोधू देत," मावशी म्हणाली. "पेरणीच्या तोंडावर युरियासाठी रांगेत उभं राहून पाय मोडतात रे माझ्या लेकाचे."

आणि पातेले माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "तोवर हे तरी कल्हईला टाकून ये."