प्रॉम्प्टवर आधी ठिकाण दिसू द्या

चिखलोली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात संगणकाच्या कामावर घर चालवणारे आता पुष्कळ आहेत. कुणी लोकलने ठाणे, ऐरोली गाठतं, कुणी रात्री घरूनच कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन करतं, कुणी अजून डिप्लोमाला आहे आणि जुन्या लॅपटॉपवर लिनक्स शिकतंय. या सगळ्यांना माझी विनंती आहे, की एक संध्याकाळ तुमच्या प्रॉम्प्टसाठी काढा. कमांड लिहायच्या आधी टर्मिनलवर दिसते ती ओळ. बहुतेकांची ती जशी आली तशीच राहते. उरलेले व्हिडिओ बघून तिच्यावर बाण, चित्रं आणि बॅटरीचा टक्का चढवतात.

हा हौसेचा विषय नाही. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब कंपनीत एक इंजिनिअर डेटाबेसचा बिघाड निस्तरत होता. दुय्यम सर्व्हरवरचा डेटाचा फोल्डर त्याला पुसायचा होता. कमांड दिली गेली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरला होता. बॅकअपच्या सोयीही ऐन वेळी उपयोगी पडल्या नाहीत. सहा तास आधी काढलेली एक प्रत हाताशी होती म्हणून निभावलं, मधल्या सहा तासांचा डेटा मात्र गेला तो गेलाच. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, आणि पुढे करायच्या कामांत एक काम असं लिहिलं, की प्रत्येक सर्व्हरचा प्रॉम्प्ट बदलून यंत्र कोणतं हे ठळक दिसेल असं करायचं. बॅकअप नीट असणं अर्थातच जास्त महत्त्वाचं. पण रात्री दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघड्या असताना आणि डोळे मिटत असताना, आपण कुठे आहोत हे सांगायला ही ओळच समोर असते.

बदलापूरच्या फलाटावरचा इंडिकेटर गाडी कुठली, जलद की धिमी, किती डब्यांची, एवढंच सांगतो आणि माणूस जिना उतरताना ते वाचतो. प्रॉम्प्ट तितकाच असावा: मी कोण, यंत्र कोणतं, फोल्डर कोणता, आणि मागची कमांड फसली का.

बॅशमध्ये हे सगळं पीएस-वन नावाच्या व्हेरिएबलमध्ये लिहितात. बॅकस्लॅश-यू म्हणजे युजर, बॅकस्लॅश-एच म्हणजे यंत्र, बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे फोल्डरचा पत्ता. शेवटी बॅकस्लॅश-डॉलर लिहा. साध्या युजरला तिथे डॉलर दिसतो आणि रूटला हॅश, त्यामुळे रूट झालात हे लगेच कळतं. मागच्या कमांडचा निकाल डॉलर-प्रश्नचिन्हात असतो. ० म्हणजे ठीक, १२७ म्हणजे अशी कमांडच सापडली नाही. प्रॉम्प्टसाठी फंक्शन लिहिणार असाल, तर हा आकडा पहिल्याच ओळीत बाजूला काढून ठेवा, नाहीतर पुढची कमांड तो बदलून टाकते. ० असेल तेव्हा काहीच दाखवू नका.

रंग एकाच गोष्टीसाठी राखा. ग्राहकांचा खरा डेटा असलेल्या सर्व्हरचं नाव लाल, बाकी सगळं साधं. तो लाल रंग त्या सर्व्हरवरच्याच सेटिंगमध्ये घाला, म्हणजे कुणीही कुठूनही लॉगिन केलं तरी तो दिसेल. तिथला कारभार दुसऱ्याकडे असेल तर त्याच्याकडे तशी मागणी करा, आणि लाजू नका. रंगाचे कोड बॅकस्लॅशसह चौकटी कंसात गुंडाळायला विसरू नका. तसं केलं नाही तर लांब कमांड लिहिताना ओळ स्वतःवरच चढते आणि काय लिहिलंय ते कळेनासं होतं. प्रॉम्प्टमध्ये देवनागरी घालायचा मोह मलाही आहे, पण जोडाक्षरांची रुंदी मोजताना अनेक टर्मिनल चुकतात आणि कर्सर भलतीकडे जातो. तिथे सध्या रोमन अक्षरंच बरी.

आता वेग. एंटर दाबून ठेवा आणि ओळी कशा खाली येतात ते बघा. अडखळत असतील तर प्रॉम्प्ट प्रत्येक वेळी कुठला तरी बाहेरचा प्रोग्रॅम चालवतोय. बहुधा गिट. ब्रँचचं नाव मिळायला वेळ लागत नाही, ते एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. कोणत्या फाइली बदलल्या हे शोधायला मात्र सगळा प्रोजेक्ट चाळावा लागतो. विंडोजच्या आत लिनक्स चालवून सी ड्राइव्हवर काम करणाऱ्यांना हे फार जाणवतं. ब्रँच ठेवा, ती चाळणी बंद करा, आणि प्रोजेक्ट लिनक्सच्या फोल्डरमध्ये हलवा. स्टारशिपसारखं तयार साधन चपळ आहे, हवं तर जरूर घ्या, पण त्यातले निम्मे भाग काढून टाका. सर्व्हरवर मात्र दोन ओळींचा साधा पीएस-वनच वापरा.

बॅशशी ओळख नसेल तर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे ऐका, ते मराठीतही आहेत आणि फुकट आहेत. मग पीएस-वन जिथे लिहितात त्या बॅशआरसी फाइलीची एक प्रत काढा आणि बदल करा. ते तपासायला दुसरी खिडकी उघडा. सर्व्हरवर करत असाल तर दुसऱ्या खिडकीतून पुन्हा लॉगिन होतंय याची खात्री झाल्यावरच पहिली बंद करा.